आभाळ कुठून येतंय? नागपूरकरांसाठी हवामानाचे नकाशे वाचण्याची सुरुवात

एप्रिलमधली दुपार. साडेतीन वाजलेले, गच्चीवर आईने कुरड्या वाळत घातलेल्या. पश्चिमेला थोडं मळभ दिसत होतं म्हणून मी मोबाइलवर रडारचं चित्र उघडलं. काटोलवर एक लाल डाग होता, पण चित्राच्या कोपऱ्यात वेळ होती ०९:४०. सकाळचं चित्र आहे, ते ढग केव्हाच विरले असतील, असं आईला छातीठोकपणे सांगून मी कूलरसमोर आडवा झालो. साडेचारला धुळीचा लोट आला, पाठोपाठ टपोरे थेंब, आणि कुरड्यांचा पुन्हा चीक झाला.

०९:४० ही सकाळची वेळ नव्हतीच. ती जागतिक वेळ होती. आपल्या घड्याळात दुपारचे ३ वाजून १० मिनिटं. चित्र अगदी ताजं होतं. तेव्हापासून आमच्याकडे आई आधी स्वतः कठड्यापाशी जाऊन पश्चिमेकडे बघते आणि मगच विचारते, ‘‘काय म्हणतो तुझा नकाशा?’’

ज्यांनी असे नकाशे कधी उघडलेच नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितोय. पदवीबिदवी लागत नाही. भारताचा एक कोरा नकाशा, पेन्सिल आणि मोबाइल एवढं पुरतं. शिवाय एक सवय लावून घ्यावी लागते: एकच चित्र बघून बोलायचं नाही. निदान दोन चित्रं बघायची आणि मधल्या वेळात काय सरकलं, काय वाढलं ते शोधायचं. मी पहिली दोन वर्षं एकेक चित्र बघूनच भविष्य सांगत होतो, आणि घरात माझी जी पत आहे ती त्यातूनच आली आहे.

पहिली पायरी: घड्याळ

जगभर हवामानाची निरीक्षणं एकाच वेळी घेतात आणि ती यूटीसी या जागतिक वेळेत लिहितात. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. ००, ०३, ०६, ०९, १२ असे आकडे नकाशावर दिसतील. ०० म्हणजे आपली पहाटेची साडेपाच, ०३ म्हणजे सकाळचे साडेआठ, १२ म्हणजे संध्याकाळचे साडेपाच. एवढे तीन पाठ करा, बाकीचे आपोआप जुळतात.

साडेआठचं महत्त्व वेगळं. आपल्याकडे पावसाचा दिवस मध्यरात्री नाही, सकाळी साडेआठला बदलतो. आज सकाळी दहाला कोसळलेला पाऊस उद्याच्या आकड्यात दिसणार. पेपरातला आकडा आणि खिडकीतून दिसलेला पाऊस जुळत नाही म्हणून चिडण्याआधी हे आठवावं.

घड्याळाबरोबर आणखी एक गोष्ट तपासायची: नकाशा झालेल्या निरीक्षणांचा आहे, की संगणकाने वर्तवलेला? विंडीसारख्या ॲपवर रंगीत वारे सुंदर वाहतात, पण ते बहुतेक पुढच्या वेळेचे अंदाज असतात. लोक ते ‘सॅटेलाइटवर दिसतंय’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवतात. चित्रावर ‘अंदाज’ अशा अर्थाचा शब्द किंवा पुढची तारीख दिसली की समजायचं, हे अजून घडलेलं नाही.

दुसरी पायरी: आपण कुठे आहोत

नकाशावर २१ अंश उत्तर अक्षांश आणि ७९ अंश पूर्व रेखांश जिथे एकमेकांना छेदतात, त्याच्या किंचित वर आणि उजवीकडे नागपूर. हा छेद डोळ्यांत बसला की गावाचं नाव नसलेल्या नकाशावरही आपण स्वतःला शोधतो.

आता पट्टीने दोन अंतरं मोजा. मुंबई सरळ रेषेत सुमारे ६९० किलोमीटर, विशाखापट्टणम सुमारे ५८०. म्हणजे अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर आपल्याला जवळ. टीव्हीवर मुंबईचा पाऊस दिवसभर चालतो आणि इथला माणूस ‘आता आपल्याकडे येईल’ म्हणून वाट बघत बसतो. पश्चिमेचे वारे कोकणात आणि सह्याद्रीवर बरंचसं पाणी टाकून येतात. विदर्भाला झड लागते ती बहुधा उपसागरात काहीतरी शिजलं की. जुलै-ऑगस्टमध्ये नकाशा उघडल्यावर माझी नजर आधी पुरी-विशाखापट्टणमच्या किनाऱ्याकडे जाते. एप्रिल-मेमध्ये मात्र पश्चिमेकडे आणि वायव्येकडे: काटोल, नरखेड, पांढुर्णा, सातपुड्याचे उतार.

तिसरी पायरी: समदाब रेषा

हवेचा सारखा दाब असलेली ठिकाणं जोडणाऱ्या या वळणदार रेषा. भारताच्या नकाशांवर त्या सहसा दोन-दोन हेक्टोपास्कलच्या (हे हवेच्या दाबाचं माप) अंतराने काढतात: १०००, १००२, १००४. रेषा एकमेकींना चिकटून असल्या की वारा जोरात, लांब-लांब असल्या की मंद. रेषा फिरून स्वतःलाच मिळाली आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असला की ते कमी दाबाचं क्षेत्र. एक बंद रेषा असेल तर साधा कमी दाब, दोन असतील तर डिप्रेशन, तीन म्हणजे डीप डिप्रेशन, त्यापुढे चक्रीवादळ. वाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर ताशी ३१ ते ४९ किलोमीटरला डिप्रेशन, ५० ते ६१ ला डीप डिप्रेशन, ६२ पासून चक्रीवादळ आणि त्याला नाव.

कमी दाबाभोवती आपल्या गोलार्धात वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. यातून एक झकास युक्ती निघते. बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने १८५७ साली मांडलेला नियम आहे: वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला. गच्चीवर जाऊन करून बघा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतोय, तुम्ही पाठ करून पूर्वेकडे तोंड केलं, म्हणजे डावा हात उत्तरेला. कमी दाब मध्य प्रदेशावर किंवा त्याच्याही वर. वारा फिरून पूर्वेकडून यायला लागला, तर डावा हात दक्षिणेला: सिस्टीम, म्हणजे तो कमी दाब, तेलंगणाच्या बाजूने जातेय, चंद्रपूर-गडचिरोलीचा पाऊस आपल्यापेक्षा मोठा असणार. इमारतींच्या गल्लीत वारा वाट्टेल तसा वळतो, त्यामुळे हा प्रयोग उघड्यावर आणि खालच्या ढगांकडे बघत करावा.

आता एक गल्लत. ‘कमी दाब म्हणजे पाऊस’ हे समीकरण मेमध्ये साफ खोटं ठरतं. नवतपात वायव्य भारतापासून मध्य भारतापर्यंत जमीन तापून दाब उतरलेला असतो, रेषा वळलेल्या दिसतात, आणि आकाशात ढगाचा ठिपका नाही. हा तापलेल्या हवेचा कमी दाब, उथळ आणि कोरडा. पावसाचा कमी दाब ओळखायचा तर वरच्या थरांत बघावं लागतं, त्याकडे येतोच.

फोनमधल्या बॅरोमीटरबद्दलही इथेच सांगतो, कारण त्याने मला दोनदा घाबरवलंय. सोनेगावचं विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे. जमिनीजवळ दर साडेआठ-नऊ मीटर चढलं की दाब साधारण एक हेक्टोपास्कलने उतरतो. म्हणून फोन ९६९ दाखवतो तेव्हा नकाशावर नागपूरजवळ १००४ लिहिलेलं असतं. सगळ्या हवामान केंद्रांचे आकडे समुद्रसपाटीवर आणूनच तुलना करतात. चूक ना फोनची, ना नकाशाची. दुसरी भीती अशी: सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दाब तीन-चार हेक्टोपास्कलने घसरला आणि मी भावाला फोन करून वादळ येतंय म्हणून सांगितलं. काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच घसरला. उष्ण प्रदेशात दाब रोज दोनदा असा चढतो-उतरतो, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. तेव्हा आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करायची. तिथे दोन-तीनचा फरक दिसला तर मात्र कान टवकारायचे.

चौथी पायरी: एका केंद्राची खूण

नकाशावर प्रत्येक केंद्राच्या जागी एक छोटा गोल आणि त्याभोवती आकडे असतात. पहिल्यांदा बघताना मुंग्या सांडल्यासारखं वाटतं. एक घेऊन उलगडू. समजा नागपूरच्या गोलाच्या डावीकडे वर ३९, डावीकडे खाली १९, उजवीकडे वर ०४६, गोल अर्धा काळा, आणि गोलातून आग्नेयेकडे गेलेली एक काडी, तिच्या टोकाला एक पूर्ण रेघ.

३९ हे तापमान. १९ हा दवबिंदू, म्हणजे हवा इतकी थंड केली तर तिच्यातली वाफ पाणी व्हायला लागेल. ०४६ हा दाब, पण आखडून लिहिलेला: शेवटचा आकडा दशांशाचा, आणि पुढे १० किंवा ९ आपण लावायचे. ०४६ म्हणजे १००४.६, ९८२ असतं तर ९९८.२. आकडा पाचशेच्या आत असेल तर १०, वर असेल तर ९. अर्धा काळा गोल म्हणजे निम्मं आकाश ढगांनी भरलेलं. काडी ज्या बाजूला जाते तिकडून वारा येतोय, आणि पूर्ण रेघ म्हणजे १० नॉट, सुमारे साडेअठरा किलोमीटर ताशी. अर्धी रेघ ५ नॉट, त्रिकोणी झेंडा ५०.

या सगळ्यात उन्हाळ्यात मी बघतो तो दवबिंदू. नागपूरच्या कोरड्या उन्हात तो बराच खाली असतो, घाम अंगावर टिकत नाही. तोच चढत १८-१९ च्या पुढे गेला, वारा आग्नेय-दक्षिणेकडे वळला, कूलर नुसतंच ओलं वारं फेकायला लागला, की उपसागरावरची वाफ इथवर पोचलीय. दुपारच्या वादळाला लागणारं इंधन ते हेच.

एका केंद्राच्या आकड्यावर विसंबायचं नाही, हे मात्र शेजारची केंद्रं बघून शिकायचं. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं, बातम्या देशभर गेल्या, आणि नंतर सेन्सर बिघडल्याचं स्पष्ट झालं. शहरातलीच दुसरी केंद्रं त्या दिवशी बरीच खाली होती. नकाशा समोर ठेवला असता तर तो आकडा आपोआप वेगळा पडला असता.

पाचवी पायरी: वरच्या थरांतले वारे

जमिनीवरचा नकाशा म्हणजे इमारतीचा तळमजला. वरचे मजले उंचीने नाही, दाबाने ओळखतात: ८५० हेक्टोपास्कल म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंची, ७०० म्हणजे ३.१, ५०० म्हणजे ५.८, २०० म्हणजे बाराच्या आसपास. बातम्यांत ‘विदर्भावर दीड किलोमीटर उंचीवर चक्राकार वारे’ असं वाक्य येतं, ते ८५० च्या नकाशावरून आलेलं असतं. नागपूरहून फुगे सोडून वरच्या हवेची मोजणी होते, पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या हिशेबाने.

नवख्याने सुरुवातीला दोनच मजले बघावेत. ८५० वर वाफ कुठून येतेय ते कळतं. उन्हाळ्यात विदर्भापासून खाली कर्नाटक-तमिळनाडूपर्यंत एक रेघ दिसते, तिच्या एका बाजूला वायव्येचा कोरडा वारा, दुसऱ्या बाजूला उपसागरावरचा दमट. हवामानवाले याला द्रोणीय स्थिती किंवा वाऱ्यांची खंडितता म्हणतात. ती रेघ आपल्यावर किंवा आपल्या जरा पश्चिमेला असली की दुपारी ढग उभे राहायला जागा तयार.

५०० वर हिवाळ्यात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिमेकडून येणाऱ्या लाटा बघायच्या. यांनाच पश्चिमी झंझावात म्हणतात. त्यातली एखादी खोल लाट दक्षिणेला इथवर उतरली, वर थंड हवा आली आणि खाली उपसागराची वाफ असली, की गारपीट. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जी गारपीट झाली ती ज्यांच्या वावरात गहू-हरभरा उभा होता ते विसरलेले नाहीत. संत्र्याचा आंबिया बहारही नेमका याच दिवसांत झाडावर असतो.

आणि मघाचं राहिलेलं: मेमधला तापलेला कमी दाब ८५० वर फिका पडतो, ७०० वर सापडतच नाही. पावसाळ्यातला खरा कमी दाब ५०० पर्यंत उभा दिसतो. तीन नकाशे एकाखाली एक लावले की फरक डोळ्यांनी कळतो.

सहावी पायरी: उपग्रह

इन्सॅट-३डीआर आणि २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस हे उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून सतत आपल्याकडे बघतात. चित्रं मुख्यतः दोन प्रकारची. साधं दृश्य चित्र म्हणजे उन्हातला फोटो, रात्री काळं. अवरक्त चित्र उष्णता मोजतं, म्हणून रात्रीही चालतं. त्यात जितकं पांढरं तितका ढगाचा माथा थंड, म्हणजे उंच. इथे नवखा हमखास फसतो. पिंजलेल्या कापसासारखे उंच, पातळ ढगही अवरक्त चित्रात पांढरेशुभ्र दिसतात आणि त्यातून एक थेंब पडत नाही. दिवसा दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. अवरक्तात पांढरा पण दृश्य चित्रात झिरझिरीत, तो पातळ ढग. दोन्हीत पांढरा, कडा घट्ट, गोलसर आणि अर्ध्या तासात दुप्पट झालेला, तो गडगडाटी.

मोठ्या ढगाचा माथा वर जाऊन ऐरणीसारखा पसरतो, आणि तो कुठे पसरतो हे वरच्या वाऱ्यावर ठरतं. एप्रिलमध्ये वर पश्चिमेचे वारे, त्यामुळे पांढरी सावली पूर्वेकडे लांबते आणि खरा पाऊस तिच्या पश्चिमेच्या घट्ट कडेखाली असतो. जुलै-ऑगस्टमध्ये बारा किलोमीटरवर पूर्वेचे वारे, तेव्हा सगळं उलट. हे कळेपर्यंत मी पावसाची जागा चुकीच्या तालुक्यात दाखवत होतो.

सातवी पायरी: रडार, मिनिटांचा हिशेब

उपग्रह ढग दाखवतो, रडार ढगातलं पाणी. नागपूरच्या डॉप्लर रडारचं चित्र मध्यभागी नागपूर ठेवून गोल काढलेलं असतं आणि दर थोड्या मिनिटांनी बदलतं. रंग डीबीझेड या मापात: वीसच्या आसपास रिमझिम, ३५-४० ला चांगला पाऊस, ५० च्या वर जोरदार, आणि ५५ ओलांडलं की गारांची शंका घ्यायची. हे माप सरळ चढत नाही. दहाने वाढलं की परत येणारी शक्ती दहापट झालेली असते. पिवळ्यातून लालमध्ये गेलेला ढग ‘थोडा वाढला’ असं म्हणून चालत नाही.

काही चित्रांत वरच्या आणि उजव्या बाजूला दोन अरुंद पट्ट्या असतात. लोक त्यांकडे बघतच नाहीत. त्या ढगाच्या उभ्या कापासारख्या आहेत: ढग किती उंच गेलाय ते दाखवतात. लाल रंग सहा-सात किलोमीटरच्याही वर चढलेला दिसला, तर एप्रिलमध्ये मी भावाला ताडपत्री काढायला सांगतो.

आता हिशेब. काटोल आपल्यापासून सरळ रेषेत सुमारे ५५ किलोमीटर, कळमेश्वर २०, रामटेक ३७, उमरेड ४२, भंडारा ५८, वर्धा ६८. ही अंतरं कागदावर लिहून फ्रिजवर लावा. समजा ४:१० च्या चित्रात लाल डागाची पुढची कड काटोलवर आहे. ४:४० ला ती नागपूरपासून ३५ किलोमीटरवर आली. अर्ध्या तासात २०, म्हणजे ताशी ४०. उरलेल्या ३५ ला पन्नास-पंचावन्न मिनिटं, म्हणजे साडेपाचच्या सुमारास पाऊस. पण वारा त्याआधी येतो. ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि पावसाच्या दहा-पंधरा मिनिटं पुढे धावते. होर्डिंग, पत्रे आणि गच्चीवरची चादर ती नेते. तेव्हा साडेपाचचा पाऊस म्हणजे पाचलाच वाळवण खाली.

हा हिशेब करताना तीन चित्रं तरी घ्या, कारण एकटा ढग अर्धा-पाऊण तासात जन्मून मरतोसुद्धा. कधी काटोलचा डाग विरतो आणि त्याच्या थंड वाऱ्याने हवा उचलली जाऊन सावनेरला नवा उभा राहतो. मग ‘ढग वळला’ असं आपण म्हणतो. तो वळलेला नसतो, दुसराच असतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे डाग सरकतच नाही. म्हणजे ढग पुढे जातात, पण मागून नवे त्याच रेषेत जन्मतात, आणि एकाच वस्तीवर तासन्‌तास पाणी. चार-पाच चित्रांत लाल रंग जागचा हलत नसेल तर ताशी वेगाचा हिशेब बंद करा आणि तळघरातली गाडी वर काढा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत नागपुरात १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचं पाणी घरांत शिरलं. लोक झोपेत होते. अशा रात्री दिवसभराच्या अंदाजाच्या नकाशावर पडणाऱ्या पावसाची गल्ली सापडत नाही. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टीम या संगणकी अंदाजाच्या जाळीतला एकेक चौकोनसुद्धा ६ किलोमीटरचा आहे, आणि गडगडाटी ढग तेवढाच रुंद असू शकतो. शेवटच्या दोन तासांसाठी रडारला पर्याय नाही.

रडारच्या खोडीही आहेत. त्याचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळते, म्हणून १०० किलोमीटरवर सर्वांत खालचा किरणसुद्धा जमिनीपासून दीड किलोमीटर वर असतो, २०० वर चार. अकोल्याकडचा फिका रंग म्हणजे तिथे कमी पाऊस असं नाही. ढगाचा फक्त वरचा भाग दिसतोय. उलट अगदी मध्याजवळ इमारती-टेकड्यांचे न हलणारे ठिपके दिसतात, ते पाऊस नव्हेत. थेट डोक्यावरचा ढग तर रडारला नीट दिसतच नाही. तिथे आईचा कठडा.

उपसागरातून आलेलं

पावसाळी सिस्टीमचा पाठलाग सावकाश चालतो, तासांचा नाही, दिवसांचा. कोरा नकाशा घ्या. रोज सकाळी कमी दाबाचं केंद्र ज्या अक्षांश-रेखांशावर सांगितलं असेल तिथे टिंब आणि तारीख. ओडिशाच्या किनाऱ्यावर उगवलेलं क्षेत्र ताशी पंधरा-वीस किलोमीटरने वायव्येकडे सरकलं तर दीड-दोन दिवसांत आपल्या आसपास येतं. केंद्र बरोबर आपल्यावर यावं लागत नाही. पावसाळ्यातल्या या डिप्रेशनचा सर्वांत मोठा पाऊस केंद्राच्या नैर्ऋत्येला पडतो. म्हणून टिंब छत्तीसगडच्या उत्तरेला किंवा मध्य प्रदेशच्या पूर्वेला असताना आपण झोडपले जातो, आणि टिंब आपल्याला ओलांडून पश्चिमेला गेलं की पाऊस ओसरायला लागतो.

सरावाला गुलाब चक्रीवादळ घ्या. २६ सप्टेंबर २०२१ ला संध्याकाळी ते आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. चक्रीवादळ म्हणून जमिनीवर फार टिकलं नाही, पण नाव गेलं म्हणून पाऊस गेला नाही. उरलेलं अंग तेलंगणा, विदर्भ, मराठवाडा भिजवत पश्चिमेला गेलं, अरबी समुद्रात उतरलं, पुन्हा बळावलं आणि शाहीन या नव्या नावाने ओमानवर धडकलं. ही टिंबं एकदा स्वतः जोडलीत की ‘वादळ किनाऱ्यावर विरलं’ ही बातमी वाचून निर्धास्त होणार नाही.

वादळाच्या अंदाजाच्या नकाशावर मार्गाभोवती पुढे रुंद होत जाणारा शंकू असतो. तो वादळाचा आकार नाही. केंद्र कुठवर इकडेतिकडे होऊ शकतं त्याची ती हद्द आहे. वारा आणि पाऊस शंकूच्या बाहेरही असतातच.

रंगीत इशारे, आणि वीज

जिल्ह्यांचा रंगीत नकाशा सगळ्यांना माहीत असतो, अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. रंग ठरवताना शक्यता आणि होणारं नुकसान दोन्ही धरतात, म्हणून पिवळ्या दिवशीही एखाद्या तालुक्यात मोठा पाऊस होऊ शकतो. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.५ पासून अतिशय तीव्र. जिल्ह्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा निघतो, वादळाच्या दिवशी मी तोच बघतो.

विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा. ते आसपासच्या २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात पडलेल्या विजा दाखवतं. रेंज नसेल, वावरात असाल, तर मोजा: वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत जितके सेकंद, त्याला तीनने भागलं की किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे ती दहा किलोमीटरच्या आत, आणि पुढची तुमच्यावर पडू शकते. झाडाखाली नाही, टिनाच्या उघड्या शेडखाली नाही, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर अर्धा तास थांबायचं. पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी तो अर्धा तास गच्चीवर जायचं नाही. कुरड्या तेवढा वेळ भिजल्या तरी चालतील, हे मी आईला अजून पटवतोय.